फोनोची कमान

आमच्या घरात चावीचा एक फोनो आहे. ग्रामोफोन हा शब्द आम्हाला शाळेत कळला. गावात तो फोनोच, आणि म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी फोनू. पेटीसारखा मिटतो, कडी धरून उचलता येतो. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्ण्यापुढं बसलेल्या कुत्र्याचं चित्र आहे. पाहुणा आला की त्याचे प्रश्न ठरलेले. पहिला, "अजून वाजतो का?" वाजवून दाखवला की दुसरा, "ह्याचे पार्ट कुठं मिळतात हो?" मी सांगतो, मिळत नाहीत, करावे लागतात. पाहुणा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा थट्टा करतोय.

थट्टा नाही. ह्या फोनोत आज पाच-सहा जिन्नस असे आहेत, जे इकडंच कृष्णाकाठी तयार झालेत. त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं एक भोक. भोकाला कुणी पार्ट म्हणत नाही. पण ते नसतं, तर बाकीचं सगळं केव्हाच मोडीत गेलं असतं.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, ते मुंबईत गिरणीत होते. तेव्हा आमचा भाग सातारा जिल्ह्यात होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळं आबा शेवटपर्यंत सातारकर आणि मी सांगलीकर, घर मात्र एकच. गिरणी सोडून गावी येताना आबांनी चोरबाजारातून हा फोनो आणला, सोबत अकरा रेकॉर्डी. अलीकडं एका जाणकारानं पेटी बघून सांगितलं की हे 101 नंबरचं मॉडेल, 1925 ते 1931 च्या दरम्यानचं. म्हणजे आमच्या घरी आला तेव्हाच त्यानं एक जन्म काढलेला होता.

बोलणारं यंत्र अमेरिकेत एडिसननं 1877 साली केलं. ते नळकांड्यावर आवाज कोरायचं. दहा वर्षांनी बर्लिनरनं चपटी तबकडी काढली. 1902 साली गाइसबर्ग नावाचा माणूस कलकत्त्याला उतरला आणि इथल्या गाणाऱ्यांचे आवाज भरून घेऊन गेला. सुरुवातीला रेकॉर्डी परदेशात छापून यायच्या, मग 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. आता ही रेकॉर्ड कशाची? लाखेची. पळस, कुसुंब, बोर असल्या झाडांवर एक किडा लाख करतो. छोटा नागपूरकडची ही लाख जगभर जायची. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून रेकॉर्ड दाबायची. आवाज काढणारी जी डबी असते, साउंडबॉक्स, तिच्यातला पडदा अभ्रकाचा. अभ्रकाच्या व्यापारात कोडरमा-हजारीबागचं नाव साऱ्या जगात होतं. लाख आपली, अभ्रक आपल्याकडचं, गळाही आपलाच. पण पेटीत बसून आलं की आबा त्याला "सायबाचा माल" म्हणायचे, आणि सायबाच्या मालाला हात लावायचा नाही असा घरात दंडक होता.

अकरा रेकॉर्डींमधल्या दोन आबांच्या जीव की प्राण. एक बालगंधर्वांची. बालगंधर्व नागठाण्याचे, साताऱ्याजवळच्या नव्हे, आमच्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे, म्हणून त्यांच्यावर आमचा हक्क. दुसरी अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी. खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या कैरानाचे, पण मिरजेत राहिले आणि 1937 ला गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यापाशीच विसावले. आबा भैरवी नेहमी शेवटी लावायचे. ती संपली की लोक न सांगता उठायचे.

पहिली चणचण सुयांची झाली. लाखेत दगडाची भुकटी असते, ती पोलादी सुईला घासते. एक सुई एका बाजूला, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं, मग फेकून द्यायची. आमच्याकडं एकच सुई दहा-दहा बाजू चालायची, आणि मग सुईच्या जागी रेकॉर्ड झिजायची. सुयांची डबी रिकामी झाल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाभळीचा काटा लावून बघितला. वाळलेला, पांढरा, सरळ काटा घ्यायचा, सुईएवढा तोडायचा आणि पेच बेतानं आवळायचा, नाहीतर चिरतो. आवाज बारीक येतो, पण मऊ येतो आणि खर्र खर्र कमी होते. दर बाजूला काटा बदलायचा. बांधावरच्या बाभळीला काट्यांचा तोटा नव्हता. अण्णांनी केलेला हा फोनोचा पहिला पार्ट.

दुसरा घोटाळा माझ्यामुळं झाला, निदान पंचेचाळीस वर्षं मी तसं धरून चाललो.

साल 1973, उन्हाळा. बहात्तरचा दुष्काळ अजून उठला नव्हता. घरातली मोठी माणसं खडी फोडायला जात होती. जेवायला अमेरिकेची लाल मिलो आणि शाळेत सुकडी. मी तेरा वर्षांचा. दुपारी घरात कुणी नव्हतं. फोनो काढला, चावी द्यायला लागलो. आबांची सक्त ताकीद होती की अठरा फेरे द्यायचे, एकोणिसावा नाही. मी मोजता मोजता चुकलो असेन, की मुद्दाम एक जास्त दिला असेन, आता सांगता येत नाही. पेटीच्या पोटात बंदुकीसारखा आवाज झाला आणि चावी हातात मोकळी फिरायला लागली.

संध्याकाळी आबांनी चावी फिरवून बघितली. मला मारलं नाही. पेटी झाकली, तिच्यावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "कमान तुटली." बस. मारलं असतं तर बरं झालं असतं.

कमान म्हणजे आतली मुख्य स्प्रिंग. इंचभर रुंद, दहा फुटांच्या आसपास लांब अशी पोलादाची पट्टी. ती एका गोल डब्यात गुंडाळून बसवलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना भोकं. बाहेरचं टोक डब्याच्या खुंटीला अडकतं, आतलं टोक मधल्या दांड्याच्या आकड्याला. चावी दिली की पट्टी दांड्याभोवती आवळत जाते आणि उलगडताना तबकडी फिरवते. बैलगाडीला बैल, तशी फोनोला कमान.

अण्णांनी चार दिवस थांबून फोनो लोहारतात्यांच्या भट्टीवर नेला. मी मागोमाग. लोहारतात्यांनी जन्मात असलं यंत्र उघडलेलं नव्हतं. त्यांनी आधी पेटीला नमस्कार केला, मग पेच काढले. डब्याचं झाकण उचकटताना म्हणाले, "पोरं लांब सरा, ह्यात जनावर हाय." आणि खरंच, पट्टीचं बाहेरचं टोक सुटलं आणि दहा फूट पोलाद फणा काढल्यासारखं उसळलं. तात्यांनी हाताला पोतं गुंडाळलं होतं, तरी उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळापासून चीर पडली. त्यांनी जखमेत भट्टीची राख भरली, वर चिंधी बांधली आणि पट्टी बघायला लागले.

पट्टी आतल्या टोकाजवळ तुटली होती. वीतभर तुकडा दांड्याला लटकत होता आणि त्याच तुकड्यात आतलं भोक. अण्णा म्हणाले, "दोन तुकडं रिबेट मारून जोडलं तर?" तात्या म्हणाले, "जोड दिलेला बैल औताला चालतोय व्हय? तेवढी आखूड करायची. टोक न्हवं करायचं."

त्यांनी काय केलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. सगळी पट्टी ओल्या पोत्यात गुंडाळली, फक्त शेवटची तीन बोटं उघडी ठेवली. भाता हलक्या हातानं मारायला मला बसवलं. उघडं टोक लाल झालं की सांडशीनं उचललं आणि पाण्यात न घालता राखेत पुरलं. पाण्यात घातलं तर काचेसारखं कडक होऊन पुन्हा तुटणार. राखेत हळूहळू निवलं की मऊ पडतं आणि बाकीच्या पट्टीचा ताठा जात नाही. निवल्यावर सुंब्यानं भोक पाडलं, बारीक कानशीनं त्याची कड गोल केली. मग दांड्याच्या अंगानं टोकाला बाक दिला. पट्टी परत डब्यात भरताना तिघं लागले. वंगण म्हणून गाडीच्या चाकाचंच काळं वंगण घातलं. संध्याकाळी फोनो वाजला. अठराऐवजी सतरा फेरे बसायला लागले, एवढाच फरक.

आता मोल काय द्यायचं? नांगराचा फाळ शेवटणं, विळ्याला दाते घालणं, गाडीची धाव चढवणं ह्या सगळ्याचं धान्य सुगीला ठरलेलं होतं. फोनोची कमान कशात बसवायची? आणि त्या वर्षी धान्य तरी कुणाकडं होतं! आबांनी दोन रुपये पुढं केले. तात्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "आबा, पैकं नगं. येक डाव आमच्या दारात लावा. म्हातारीला ऐकायचाय. तिला आता पायानं तुमच्याकडं यायला हुत न्हाय."

आबा म्हणाले, "बघू."

फोनो वाड्याबाहेर जात नसे. भट्टीवर गेला तो दुखणं म्हणून. लोहाराच्या दारात जाऊन वाजवायचा हे आबांच्या डोक्यात बसेना. दसरा गेला, दिवाळी गेली. त्याच थंडीत लोहाराची म्हातारी वारली. तात्यांनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांचा तळवा भरून आला, पण अंगठा पुढं नीट मिटत नसे. हातोडा ते चार बोटांत धरायचे. 1981 साली आबा गेले आणि फोनो माझ्याकडं आला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा, दहावी झालेला, समतेवर बोलणारा. तात्या हयात होते. लोहाराचं घर माझ्या दारापासून दोनशे पावलांवर. मीही फोनो नेला नाही. आबांना "बघू" म्हणायचं कारण होतं, चुकीचं असलं तरी. मला तेवढंही कारण नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता रेडिओ आला, टेप आला, फोनो माळ्यावर गेला आणि तात्याही गेले.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात ते माळ्याला लागलं. आठवड्यानं परतलो तर पेटी फुगलेली, कुत्र्याचं चित्र सुटून आलेलं. जवळच्या शहरातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी म्हणाला, "आतलं काढून टाका, वर नवा पितळी भोंगा बसवून देतो, हॉटेलवाले शोभेला घेतात." मी पेटी उचलून घरी आणली.

उघडून बघितलं तर तीन गोष्टी कामातून गेल्या होत्या. पहिली गव्हर्नर. आमच्यापैकी ज्यांनी विहिरीवर ऑइल इंजिन चालवलंय त्यांना गव्हर्नर समजावून सांगायला नको. इंजिन पळायला लागलं की वजनं बाहेर फाकतात आणि वेग आवरतात. फोनोत तेच, फक्त सुपारीहून लहान. तीन वजनं, तीन पातळ पोलादी पट्ट्यांवर बसवलेली. वेग वाढला की वजनं फाकतात, पट्ट्या वाकतात, त्यांच्या ओढीनं एक चकती सरकते आणि कातड्याच्या गादीला घासते. तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांवर राहते ती त्यामुळं. पुराच्या पाण्यानं ह्या पट्ट्या गंजून एक तुटली, दोन तुटायला आल्या. दुसरी गोष्ट, साउंडबॉक्सच्या पडद्याला धरणाऱ्या रबराच्या दोन कड्या दगडासारख्या झालेल्या. तिसरी, अभ्रकाच्या थरांत पाणी शिरून ते पापुद्र्यासारखं सुटलेलं.

अभ्रकाचं काय करावं हे विचारायला मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. मिरजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथले शिकलगार हे मूळचे हत्यारांना धार लावणारे, तलवारी-भाले करणारे. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम बसलं. मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाणारे-बजावणारे यायचे, त्यांची वाद्यं बिघडायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी ती दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त करता करता वाद्य कळलं, आणि मग स्वतःच सतार-तंबोरे करायला लागले. भोपळा मंगळवेढा-पंढरपूरकडचा, हात तलवारीवर बसलेला. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबही वाद्य दुरुस्तीत तरबेज होते.

गल्लीतल्या एका वयस्कर कारागिरांनी माझी डबी हातात घेतली. म्हणाले, "हे आमचं काम नाही, पण एक सांगतो. जवारी काढताना आम्ही डोळ्यानं घासत नाही, कानानं घासतो. तुम्ही पडदा मापानं करू नका. लावा, ऐका, काढा, पुन्हा लावा."

घरी येऊन जुन्या इस्त्रीच्या कॉइलवरचा अभ्रकाचा कोरा तुकडा घेतला. दाढीच्या पात्यानं त्याचा एकेक थर सोडवला, कात्रीनं रुपयाहून मोठा गोल कापला. जाड ठेवला तर आवाज नाकातून आल्यासारखा, पातळ केला तर थरथर. चौथा पडदा बसला. मधल्या पेचाला मधमाशीचं मेण लावलं. रबराच्या कड्यांसाठी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून लावली. तिला अजून काही झालेलं नाही.

सायकलवरून आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा 1888 साली बेळगावात सायकलींपासूनच सुरू झाला. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. 1910 साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जागा दिली, ती किर्लोस्करवाडी. लोखंडानं जमीन नासते असं म्हणणाऱ्या आमच्याच वाडवडिलांमुळं पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. इकडं साताऱ्यात कूपरच्या कारखान्यात नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला काच आणि प्रभाकर कंदील. ह्या सगळ्यांचा इतिहास छापलेला आहे आणि तो असायलाच हवा. पण हे नांगर, ही इंजिनं, हे कंदील गावोगाव चालू ठेवले कुणी? वहीत विकणाऱ्याचं नाव असतं, घेणाऱ्याचं असतं. मोडल्यावर रात्रीत चालू करून देणाऱ्याचं कुठं सापडत नाही.

गव्हर्नरच्या पट्ट्या माझ्या हातानं होईनात. मग लोहारतात्यांचा नातू आठवला. तो पलूसच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये आहे. भीतभीतच गेलो. तो म्हणाला, "काका, फिलर गेजची पाती चालतील." मोटार मेकॅनिक जी पातळ पोलादी पाती फट मोजायला वापरतात, ती. कागदाहून थोड्या जाड पात्याच्या त्यानं तीन पट्ट्या कापल्या, तिन्ही एकत्र दाबून कडा घासल्या, म्हणजे तसूभरही फरक नको. एक जरी जड-हलकी झाली तरी गव्हर्नर थडथडतो आणि गाणं रडल्यासारखं येतं. भोकं पाडायला दोन लोखंडी तुकड्यांत पाती धरून ठोकली, कारण ड्रिल लावलं की पातं फाटतं.

मग कमानीचा डबा उघडला. तात्यांच्या वेळचं गाडीचं वंगण वाळून डिंक झालं होतं. नातवानं जाड हातमोजे घालून पट्टी बाहेर घेतली, रॉकेलनं धुतली आणि उजेडात धरली. बाहेरच्या टोकाला कंपनीचं भोक, साच्यातलं. आतल्या टोकाला तात्यांचं, किंचित तिरकं, कड मात्र बोट फिरवलं तरी लागत नाही अशी. तो बराच वेळ बघत राहिला.

मी त्याला सगळं सांगितलं, एकोणिसावा फेरा, तळवा, म्हातारी, आबांचं "बघू" आणि माझंही. तो आधी कमानीबद्दलच बोलला. "काका, चावी जास्त झाली म्हणून कमान तुटत नाही. पूर्ण आवळली की ती नुसती थांबते. पोलाद थकतं, आणि आतल्या टोकाला बाक जास्त असतो तिथं तुटतं. ती तशीही तुटणारच होती." पंचेचाळीस वर्षांचं ओझं त्यानं एका वाक्यात उतरवलं. दुसऱ्या ओझ्याबद्दल तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "अंगठा मिटत नव्हता ते माहीत होतं. कशानं ते आज कळलं."

दिवाळीनंतर एका संध्याकाळी फोनो उचलून मी लोहाराच्या दारात नेला. भट्टीच्या जागी आता पत्र्याची शेड आहे. नातवाची आई, तात्यांची सून, पायरीवर बसली. रेकॉर्डीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवून आम्ही आधी फेरे मोजले. मिनिटाला सत्याहत्तर भरले. पेच थोडा फिरवला, अठ्ठ्याहत्तर. बाभळीचा काटा लावला आणि खाँसाहेबांची भैरवी लावली. शेजारची पोरं जमली, दोन मिनिटं ऐकून पांगली. सून शेवटपर्यंत बसली. संपल्यावर म्हणाली, "आत्याबाई मरताना पण इचारत हुत्या, फोनू आला का म्हणून." मी खाली बघितलं. तिनं चहा ठेवला.

हे लिहिताना मी नातवाला विचारलं, तात्यांचं नाव छापू का? त्यानं दोन दिवस घेतले आणि नको म्हणाला. "नाव छापलं की लोक जात वाचतात. काम तेवढं नीट लिहा, कसं केलं ते." म्हणून राखेत निववण्याचं वर एवढं सविस्तर लिहिलंय. कुणाकडं फोनो असेल आणि कमान आतल्या टोकाला तुटली असेल, तर टोक पाण्यात घालू नका. आणि वाजवून झाल्यावर चावी पूर्ण उतरवून ठेवा. आम्ही आता तशीच ठेवतो. दर दिवाळीत फोनो दोनदा वाजतो, एकदा आमच्या दारात आणि एकदा लोहाराच्या.